नोमॅड (शब्द)

'नोमॅड' हा भटक्या जीवनपद्धतीच्या समाजाचा वा व्यक्तीचा वाचक इंग्रजी शब्द आहे. मराठीत त्यासाठी 'भटका' हा शब्द रूढ आहे; तथापि दोन्ही शब्दांच्या अर्थच्छटा सारख्या नाहीत.

व्युत्पत्ती

ग्रीक भाषेतील 'नोमास' म्हणजे कुरणाच्या शोधात गुरांसह फिरणारा. हा शब्द लॅटिन व फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. त्याचे मूळ 'नेमेइन' (वाटून देणे, चारणे) या क्रियापदात आहे. कायदा या अर्थाचा ग्रीक शब्द 'नोमॉस' याच मूळाचा असून 'इकॉनॉमी' या शब्दाचा उत्तरार्धही त्यातूनच आला आहे. म्हणजेच मूळ अर्थात चराईची व्यवस्था अभिप्रेत होती.

समीप शब्द

'व्हॅगाबाँड' हा शब्द लॅटिन 'व्हागारी' (भटकणे) या क्रियापदापासून आला असून त्यात निरुद्योगीपणाचा ठपका आहे. मराठी 'भटकणे' या क्रियापदातही निरुद्देश फिरण्याचा भाव असल्याने 'भटका' हा एकच शब्द दोन्ही अर्थ वाहतो.

यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ

या भेदाचे महत्त्व जिल्ह्यातील बंजारा समाजाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरवर वाहतूक करीत. 'लमाण' हे नाव काही अभ्यासक 'लवण' या शब्दाशी जोडतात. तांड्याचा प्रमुख 'नाईक' असे. त्यांचे फिरणे व्यापाराचे होते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे व पक्क्या सडकांमुळे हा व्यवसाय बुडाला आणि तांडे शेती-मजुरीकडे वळले. आज पुसद, दिग्रस, दारव्हा आदी तालुक्यांत त्यांच्या स्थिर वस्त्या आहेत; वस्ती स्थिर झाली तरी 'तांडा' हे नाव टिकून आहे. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री (१९६३–१९७५) वसंतराव नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे याच समाजात झाला.

कायद्यातील वापर

ब्रिटिश सरकारने १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये अनेक फिरत्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्यातून मुक्त झालेल्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जातात. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी एकूण ११ टक्के आरक्षण असून बंजारा समाज विमुक्त जाती (अ) प्रवर्गात मोडतो. त्यामुळे शासकीय परिभाषेत 'भटका' हा शब्द दूषणवाचक नसून हक्काशी निगडित आहे.