दीडशे रुपयांची शपथ

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इमारती येतात. ‘जामिया मिल्लिया इस्लामिया’कडे मात्र सुरुवातीला स्वतःची इमारतही नव्हती.

१९२० साली, असहकाराच्या लाटेत, अलिगढमध्ये ही संस्था निघाली. इंग्रज सरकारचा पैसा घ्यायचा नाही, हा तिचा बाणा. खिलाफत चळवळीच्या निधीवर ती चाले. १९२४ मध्ये तुर्कस्तानात खिलाफतच संपली आणि निधी आटला. गांधीजी आणि हकीम अजमल खान पाठीशी उभे राहिले. १९२५ मध्ये जामिया दिल्लीत करोलबागेत आली. १९२७च्या अखेरीस हकीमसाहेबही गेले.

आता कुलूप लावायचे, की कसेबसे तगायचे? १९२८ मध्ये झाकिर हुसेन आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी शपथ घेतली: वीस वर्षे इथेच शिकवू, दीडशे रुपयांहून अधिक पगार घेणार नाही. तेवढे तरी हाती पडतील, याची हमी नव्हती.

१९३५ मध्ये ओखल्याला इमारतीची पायाभरणी झाली. कोनशिला बसवली ती सर्वांत लहान विद्यार्थ्याने, पुढाऱ्याने नव्हे. झाकिरसाहेब १९४८पर्यंत कुलगुरू राहिले. १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले.

जामिया १९८८ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. सरकारी मोहोर उशिरा उमटली. विद्यापीठ त्या शिक्षकांनी कधीच उभे केले होते.