फ्लॉपी चकत्यांचें वाचन : वॉरहॉल-संग्रहांतील एक प्रकरण

रुमालावरील चिठ्ठी पाहून आंतील कागदांची किंमत ठरवूं नये, हा संशोधकांचा जुना अनुभव आहे. संगणकाच्या फ्लॉपी चकत्यांसहि तोच नियम लागू पडतो, हें अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील एका प्रकरणावरून दिसून येतें. संग्राहकांस तें उपयोगी पडेल असें वाटल्यावरून त्याची हकीकत येथें संक्षेपानें देत आहें.

कमोडोर कंपनीनें जुलै १९८५ मध्यें न्यूयॉर्क येथें आपला अमिगा संगणक प्रथम लोकांपुढें मांडिला. त्या समारंभांत चित्रकार अँडी वॉरहॉल यांनीं त्या यंत्रावर गायिका डेबी हॅरी यांचें चित्र सर्वांसमक्ष काढून दाखविलें. वॉरहॉल १९८७ मध्यें वारले. त्यांच्या चकत्या पुढें पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयांत राहिल्या. त्या बहुतेक यंत्र चालविण्याच्या व चित्रें काढण्याच्या तयार प्रणालींच्या होत्या. त्यांवर वॉरहॉल यांचें स्वतःचें कांहीं आहे कीं नाहीं, हें कोणासच निश्चित ठाऊक नव्हतें.

अशी चकती आजच्या संगणकांत घालून भागत नाहीं. तिच्या दोन्ही बाजूंस मिळून १६० वर्तुळाकार पट्टे असतात. अमिगा प्रत्येक पट्ट्यावर ५१२ बाइटांचे ११ खंड लिहीत असे. आयबीएम पद्धतीचा संगणक तशाच चकतीवर ९ लिहीत असे, व खंडांची मांडणीहि निराळी. त्यामुळें एकाचें लिखाण दुसऱ्यास लागत नाहीं. शिवाय जीर्ण चकती वारंवार फिरविल्यास तिचा चुंबकीय लेप खरवडण्याचें भय असतें. म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठांतील संगणक-मंडळाच्या सभासदांनीं क्रायोफ्लक्स नांवाचें साधन योजिलें. हें साधन प्रथम मजकुराचा अर्थ लावीत नाहीं. चुंबकीय दिशा किती किती काळानें पालटते, एवढेंच टिपून घेतें. मोडी कागदाचें बाळबोध करण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें, तसाच हा प्रकार. अर्थ मागाहून, मूळास पुन्हा हात न लावितां, हवा तितक्या वेळां लावितां येतो.

चकत्यांच्या यादींत ‘कॅम्पबेल्स’, ‘मॅरिलिन १’ अशीं नांवें आढळलीं, तेव्हां सर्वांस आनंद झाला. परंतु त्या फाइलींची रचना कोणत्याहि उपलब्ध प्रणालीस ओळखतां येईना. शेवटीं सभासदांनीं ती रचना स्वतः उकलली, आणि पूर्वीं कोणीं न पाहिलेलीं २८ चित्रें हातीं आलीं. हें वृत्त एप्रिल १९१४ च्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे एप्रिल २०१४ मध्यें, प्रसिद्ध झालें.

येथें एक विवेक ठेविला पाहिजे. या चित्रांपैकीं निदान ११ चित्रांवर वॉरहॉल यांची सही आहे. बाकीचीं संग्रहालयाच्या जाणकारांनीं शैलीवरून त्यांचीं ठरविलीं. चकतीची बिनचूक नक्कल तीवर काय आहे हें सिद्ध करते. तें कोणाच्या हातचें, हें ठरविण्यास निराळा पुरावा लागतो.

तात्पर्य, ज्यांच्या संग्रहीं अशा चकत्या असतील त्यांनीं छापील चिठ्ठीवर विसंबून त्या टाकूं नयेत. साडेतीन इंची चकतीच्या कोपऱ्यांतील लेखनरोधक खिडकी प्रथम उघडी करावी, चुंबकीय नक्कल घ्यावी, आणि मगच वाचनास बसावें. लेप एकदां झडला म्हणजे त्याची दुसरी प्रत कोठेंहि मिळणार नाहीं.