ऐकणाऱ्यावर सोपवलेले काम : मोटारीतील संदेशवहनाची गोष्ट

आजच्या मोटारीचे बॉनेट उघडले की इंजिन ओळखू येते, बॅटरी ओळखू येते. पण आसपास बसवलेल्या बंद डब्या कशासाठी आहेत ते चटकन सांगता येत नाही. अशा प्रत्येक डबीत एक छोटा संगणक असतो. एक इंजिनातील इंधन मोजून देतो, दुसरा ब्रेक सांभाळतो, तिसरा गिअर बदलतो. हे सारे संगणक एकमेकांशी सतत बोलत असतात. ते ज्या पद्धतीने बोलतात तिला 'कॅन' म्हणतात. 'कंट्रोलर एरिया नेटवर्क' या नावाचे हे लघुरूप. या लेखात आपण तिचा इतिहास पाहू. विशेषतः, पाठवलेला संदेश घेणाऱ्याला कसा कळतो, या प्रश्नाकडे आपण लक्ष देणार आहोत.

१९७० च्या दशकाअखेर मोटारीत इलेक्ट्रॉनिक्स शिरू लागले. जर्मनीतील बॉश कंपनीची चाके जाम होऊ न देणारी ब्रेक प्रणाली १९७८ मध्ये आणि संगणकीय इंजिन नियंत्रण १९७९ मध्ये बाजारात आले. सुरुवातीला ही यंत्रे आपापले काम वेगवेगळे करीत. पण चाक घसरू लागले की इंजिनाचा जोर कमी व्हावा असे वाटत असेल, तर चाकाची माहिती इंजिनापर्यंत जायला हवी. प्रत्येक जोडीसाठी वेगळी तार घातली तर काय होईल? १० यंत्रांच्या ४५ जोड्या होतात, २० यंत्रांच्या १९०. प्रत्यक्षात सगळ्याच जोड्या लागत नाहीत. तरी वाढ कशी होते ते यावरून ध्यानात येईल.

बॉशमधील अभियंत्यांनी १९८३ मध्ये या प्रश्नावर काम सुरू केले. उवे किएन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे मोटार अभियंत्यांच्या परिषदेत ही पद्धत मांडली. तारा वाचवण्यासाठी कॅनचा शोध लागला, असे पुष्कळदा लिहिले जाते. तारा वाचल्या हे खरे, पण तो जोडफायदा होता. मूळ हेतू होता तो यंत्रांनी मिळून नवी कामे करावीत हा.

या पद्धतीचे वैशिष्ट्य समजण्यासाठी एस.टी. स्थानकावरील घोषणा आठवा. "साताऱ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक ४ वर उभी आहे." ही घोषणा सर्वांना ऐकू येते, उठतो तो फक्त साताऱ्याचा प्रवासी. घोषणा करणाऱ्याला प्रवाशांची नावे ठाऊक नसतात, आणि आणखी दहा प्रवासी आले म्हणून त्याचे काम वाढत नाही. कॅनमध्येही संदेशावर घेणाऱ्याचा पत्ता नसतो. संदेशात काय आहे ते सांगणारा एक ओळखक्रमांक असतो आणि त्यामागे जास्तीत जास्त ८ बाइट माहिती. कोणता संदेश उचलायचा हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. त्यामुळे मोटारीत नवे ऐकणारे यंत्र जोडताना जुन्या यंत्रांना काही सांगावे लागत नाही.

मात्र दोघे एकाच वेळी बोलू लागले तर? कॅनच्या तारेवर शून्य आणि एक एकदम आले तर शून्य टिकते. प्रत्येक जण आपला ओळखक्रमांक बिटामागून बिट पाठवताना तारही ऐकत असतो. आपण एक पाठवला आणि तारेवर शून्य दिसला की तो गप्प बसतो. हा खेळ वर्गात करून पाहता येतो. तीन मुलांना ०११०, ०१०१ आणि १००१ असे क्रमांक द्या. शिक्षकांनी टाळी वाजवली की ज्याचा पुढचा अंक शून्य असेल त्याने हात वर करायचा. ज्याचा एक असेल त्याने खाली ठेवायचा. आपला हात खाली असताना दुसऱ्याचा वर दिसला की खेळातून बाद. पहिल्या टाळीला १००१ जातो, दुसऱ्या टाळीला कोणीच जात नाही, तिसऱ्या टाळीला ०११० जातो. उरतो ०१०१, म्हणजे सर्वांत लहान क्रमांक. त्याचा संदेश थोडाही बिघडलेला नसतो आणि वेळही वाया जात नाही. म्हणून महत्त्वाच्या संदेशांना लहान क्रमांक देतात.

ही पद्धत सिलिकॉनमध्ये उतरली १९८७ मध्ये. इंटेलची ८२५२६ ही चिप प्रथम आली आणि पाठोपाठ फिलिप्सची ८२सी२००. दोघींत फरक होता तो ऐकण्याच्या रीतीत. इंटेलच्या चिपमध्ये हवे ते क्रमांक आधी नोंदवून ठेवले की निवड चिपच करी. फिलिप्सची चिप ढोबळ गाळणी लावी आणि उरलेली निवड मुख्य संगणकावर सोपवी. पहिली महाग, दुसरी स्वस्त. पण दुसरीत संगणकाचा वेळ जाई. मूळ ओळखक्रमांक ११ बिटांचा, म्हणजे २०४८ शक्यतांचा होता. १९९१ मध्ये बॉशने २९ बिटांच्या क्रमांकाचीही सोय केली. त्याच सुमारास मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत कॅन आले. फिनलंडमधील लिफ्ट आणि नेदरलँड्समधील क्ष-किरण यंत्रे यांनीही ही पद्धत लवकर उचलली. नोव्हेंबर १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले.

आता ऐकणाऱ्याच्या कामाकडे वळू. नवा नियंत्रक थेट गाडीत बसवून तपासणे धोक्याचे असते. म्हणून आम्ही संशोधक मंडळी संगणकावर गाडीचे गणिती प्रारूप तयार करतो. पडद्यावर चौकटी मांडायच्या, त्या रेषांनी जोडायच्या, की प्रारूप चालू लागते. यातली एक चौकट खऱ्या तारेवरचा संदेश घेते. तिला आधी बरेच काही सांगावे लागते : तारेवरचा वेग किती, ओळखक्रमांक कोणता आणि तो ११ बिटांचा की २९ बिटांचा, हवी ती राशी कोणत्या बिटापासून सुरू होते, किती बिटांची आहे, बाइटांचा क्रम कोणता, आणि आलेल्या अंकाला कशाने गुणायचे व त्यात काय मिळवायचे.

एक उदाहरण घेऊ. ट्रक व इतर अवजड वाहनांसाठी जे-१९३९ नावाचे मानक आहे. त्यात इंजिनाच्या फेऱ्या एका संदेशाच्या चौथ्या आणि पाचव्या बाइटमध्ये असतात. लहान बाइट आधी येतो आणि एका एककाचा अर्थ मिनिटाला ०.१२५ फेरी. समजा चौथा बाइट १०४ आणि पाचवा १९ आला. मग संख्या झाली १९ × २५६ + १०४ = ४९६८, आणि फेऱ्या ६२१. म्हणजे इंजिन उभ्या गाडीत संथ चालले आहे. आता चौकटीत बाइटांचा क्रम उलटा नोंदवला, तर संख्या होते १०४ × २५६ + १९ = २६,६४३, आणि फेऱ्या सुमारे ३३३०!

येथे तारेचा दोष नाही. संदेशाबरोबर येणारी १५ बिटांची तपासणी बरोबर जुळते, कारण बिट तर अचूकच आले आहेत. चूक अर्थ लावण्यात आहे, आणि ती पकडणारी कोणतीही सोय तारेवर नाही. या दोन बाइट-क्रमांना व्यवहारात 'इंटेल' आणि 'मोटोरोला' अशी नावे आहेत. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणारे लोक गलिव्हरच्या सफरीत भेटतात. संगणकवाल्यांच्या या वादाला डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये तिथलीच नावे दिली.

दुसरी अडचण अधिक छुपी आहे. तार तुटली आणि संदेश थांबला, तर अशी चौकट पुष्कळदा शेवटचाच अंक दाखवत राहते. पडद्यावर ६२१ स्थिर दिसतो. इंजिन मात्र बंद पडलेले असू शकते. म्हणून शेवटचा संदेश किती वेळापूर्वी आला, याची नोंद प्रारूपात वेगळी ठेवावी लागते.

तिसरी अडचण पद्धतीच्या मुळाशीच आहे. संदेशावर घेणाऱ्याचा पत्ता नाही, तशी पाठवणाऱ्याची खात्रीही नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या दोघांनी दुरून, मोबाइल जाळ्यामार्गे, एका जीप गाडीच्या तारेवर आपले संदेश घुसवले. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या यंत्रांना ते परके आहेत हे कळण्याचा मार्ग नव्हता. कंपनीला सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. १९८६ साली तार गाडीबाहेर कशालाच जोडलेली नव्हती, त्यामुळे हा प्रश्न तेव्हा पुढे आला नव्हता.

विद्यार्थ्यांना मोजमाप शिकवताना आपण एकक लिहायला लावतो. केवळ '२६,६४३' हे उत्तर का अपुरे आहे, हे वरच्या उदाहरणावरून सांगता येईल. शिवाय १०४ आणि १९ हे दोन अंक फळ्यावर लिहून, ते कोणत्या क्रमाने घ्यायचे हे न सांगता, मुलांना फेऱ्या काढायला लावाव्यात. दोन उत्तरे येतील. त्यातले बरोबर कोणते हे फक्त अंकांकडे पाहून कसे ठरवाल, असे विचारावे.