आपल्या घराण्याचा इतिहास आपणच लिहू या



आपले आजे-पणजे इतिहास घडवून गेले, पण तो लिहायला त्यांच्या हाती लेखणी नव्हती. ज्यांच्या हाती होती, त्यांनी आपल्या पिढ्यान्‌पिढ्या जातीच्या एका शब्दात गुंडाळल्या. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत, आपल्या घराण्याचा शोध कसा घ्यावा, याविषयी आम्ही चार शब्द मांडत आहोत.

पहिले साधन म्हणजे बोलणे. म्हाताऱ्या माणसांना "इतिहास सांगा" म्हटलं की ती गप्प बसतात. त्यांना विचारावं, माहेर कुठलं? गावी पाणी कुठून भरायचात? मुंबईत आल्यावर पहिल्यांदा कुणाच्या खोलीत उतरलात? मिलमध्ये खातं कोणतं होतं? हा शेवटचा प्रश्न साधा नाही. विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या नावाखाली तिथे आपल्या माणसांना घेत नसत आणि त्या खात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय चव्हाट्यावर आणला. आजोबा जन्मभर कताईतच का राहिले, याचं उत्तर इथे मिळतं.

दुसरे साधन कागद. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे आणि शाळेच्या रजिस्टरात 'आंबेडकर'! आपल्याकडेही एकाच भावकीत दोन-दोन आडनावे निघतात. त्यामुळे केवळ आडनावावर विसंबू नये. गाव, बापाचे नाव आणि आज्याचे नाव जुळवून पाहावे. शाळेचा दाखला, तलाठ्याकडील जुने सातबारा व फेरफार, जन्ममृत्यूचे कोतवाल बुक हे कागद मागावेत. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. वतनाच्या जमिनी पुन्हा नावावर झाल्या, त्यांच्या फेरफारांत भावकीतली नावे ओळीने सापडतात. जुनी नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावी.

हे काम हौसेचे नाही. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. मुलाचा प्रवेश तोंडावर आला की मग आपण गावाकडे धावतो. तोवर सांगणारा आजा निघून गेलेला असतो.

कागदात एक मोठी उणीव आहे. त्यात बाप, आजा, पणजा सापडतो. आजीचे माहेरचे नाव मात्र बहुधा सापडत नाही. ते तिला किंवा तिच्या बहिणीलाच विचारायला हवे.

आता तिसरे साधन आले आहे, डीएनए चाचणी. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. मायटोकाँड्रियातला डीएनए आईकडून मुलामुलींना मिळतो आणि पुढे तो लेकीच चालवतात. म्हणजे दप्तराने विसरलेली पणजी आपल्या रक्तामांसात टिकून आहे! दोघांनी चाचणी केली तर जवळचे नाते जुळते. पण पणजीचे नाव, तिचे गाव, तिचे कष्ट चाचणी सांगत नाही. शिवाय एकाच्या चाचणीतून साऱ्या भावकीची माहिती उघड होते, म्हणून घरच्यांना विचारूनच करावी.

या शास्त्राने आणखी एक गोष्ट पुढे आणली. हैदराबादच्या व अमेरिकेतील शास्त्रज्ञांचे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशातले लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले आणि नंतर लग्ने आपापल्या गटात कोंडली गेली, असे त्यात दिसले. जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. तेव्हा डीएनएमधून कुणी राजघराणे शोधत बसू नये. श्रेष्ठ रक्त, हलके रक्त ही भाषाच खोटी आहे.

आमची विनंती एवढीच. या पौर्णिमेपासून प्रत्येक घरात एक वही सुरू करा. सांगणाऱ्याचे नाव व तारीख लिहा. सांगणे आणि कागद जुळले नाहीत, तर दोन्ही लिहून ठेवा. आजीचे नाव पहिल्या पानावर लिहा. वहीची एक प्रत, घरच्यांची संमती असेल तर, विहारात द्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण नवे जीवन स्वीकारले. त्या दिवशी आपल्या घरातून नागपूरला कोण गेले होते, हे तरी नातवंडांना ठाऊक असू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!