तपासणी आणि मंत्रचळ

धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून १९०५ साली दासबोध छापून प्रसिद्ध केला. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यासच वारले आणि त्यांच्या कागदपत्रांसाठी तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. अक्षर न् अक्षर पडताळणारी ही माणसे! तथापि त्यांच्या तपासणीला शेवट होता. ग्रंथ एके दिवशी छापखान्यात गेलाच. जळगावच्या सराफीतही काटा स्थिरावला की तोलणारा वजन सांगून मोकळा होतो.

काही विद्यार्थ्यांचा काटा मात्र स्थिरावतच नाही. बैठक क्रमांक दहादा वाचायचा, बेरीज चार वेळा करायची, एक ओळ समजली की नाही म्हणून पुन्हा मागे जायचे. उत्तर येत असूनही पेपर अपुरा राहतो, आणि घरचे म्हणतात, "मुलगा आळशी झाला."

आपल्या भाषेत यासाठी जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र म्हणताना चूक झाली तर डोके फिरते, ही त्यामागची समजूत. फ्रान्समधील वैद्य एस्किरोल यांनी १८३८ साली अशाच एका स्त्रीची हकिगत लिहिली. हिशेबात आकडा चुकून गिऱ्हाइकाचे नुकसान होईल या भीतीने तिचे हिशेब संपत नसत. ही भीती वेडगळ आहे, हे तिला स्वतःलाही कळत होते. म्हणूनच समजुतीच्या चार शब्दांनी हा विकार जात नाही.

पुन्हा पाहिल्याने खात्री वाढावी, असे आपल्याला वाटते. घडते उलटे. २००३ साली हॉलंडातील संशोधकांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी वारंवार तपासायला लावली. त्यांची आठवण बरोबर राहिली. पण तिच्यावरचा भरवसा मात्र ओसरला. मग संशय तपासायला लावतो आणि तपासणी संशय वाढविते.

या फेऱ्यातून सुटका आहे. १९६६ साली लंडनमध्ये मायर यांनी रोग्याला भीतीसमोर उभे करून नित्याची कृती करू न देण्याचा उपचार प्रसिद्ध केला. आज तोच, गरजेप्रमाणे औषधांसह, जगभर चालतो. धुळे-जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचे वैद्य भेटतात. १४४१६ या 'टेली मानस'च्या क्रमांकावरही विचारता येते.

घरच्यांनी काय करावे? "आई, कडी लावली ना?" असे लेकराने पाचव्यांदा विचारले, तर मायेची माउली पाचव्यांदा "हो रे बाळा" म्हणते. त्याने घटकाभर बरे वाटते. पण सहावा प्रश्न त्यातूनच जन्मतो. रागावू नये, टोमणे मारू नयेत. उपचार करणाऱ्याच्या सल्ल्याने ही उत्तरे हळूहळू कमी करावीत. मूल त्या वेळी अस्वस्थ होईल, रडेलही. आपण शेजारी बसून राहावे. ती अस्वस्थता आपली आपण ओसरते, हे त्याला एकदा अनुभवाने कळू द्यावे.