सेंद्रिय शेतीचा पहिला लाभ मातीला

गोव्याच्या बाजारात रोज उतरणारी बरीचशी भाजी घाट ओलांडून बेळगावहून येते. फलोत्पादन महामंडळाच्या विक्री केंद्रांवर असो किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, आपल्या पिशवीत पडणाऱ्या मालाचे मूळ अनेकदा सीमाभागातील शिवारांत असते. बेळगाव-वेंगुर्ला मार्गालगतचा उचगाव परिसर हा त्याच पट्ट्यातला. मळेकरणी देवीमुळे परिचित असलेले हे मराठीभाषक गाव मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात वसले आहे. सखल शेतांत भात आणि तांबड्या माळजमिनीत बटाटा व रताळी ही येथील प्रमुख पिके. त्यामुळे सेंद्रिय शेतीचा लाभ कोणाला आणि किती, हा प्रश्न पिकवणाऱ्या उचगावाइतकाच खाणाऱ्या गोव्याचाही आहे.

संकल्पना

रासायनिक खत न घालणे एवढाच सेंद्रिय शेतीचा अर्थ नाही. जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढवणे, पिकांची फेरपालट करणे आणि कीड आटोक्यात ठेवणाऱ्या मित्रकीटकांना जगू देणे, हा तिचा गाभा आहे. भातापूर्वी ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडला जातो. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर, हरभरा किंवा वाटाणा घेतला, तर त्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत साठवतात. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती मिसळून केलेले जीवामृतही अनेक शेतकरी वापरतात. रताळ्यावरील सोंड्या भुंग्यासाठी कामगंध सापळे लावता येतात.

पर्यावरणीय लाभ

पिकाने न घेतलेले युरियातील नत्र पावसाच्या पाण्याबरोबर नायट्रेटच्या रूपात विहिरींत झिरपते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. अशा जादा नत्रापासून तयार होणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. मुसळधार पावसाच्या या पट्ट्यात शिवारातून वाहून जाणारे पाणी मार्कंडेयेतून पुढे घटप्रभेला मिळते. म्हणजे एका गावाच्या शेतात जे पडते, ते खालच्या अनेक गावांपर्यंत पोचते. कर्ब वाढलेली माती पाणी धरून ठेवते, तिची धूप कमी होते आणि पावसाने ओढ दिली तरी पीक काही दिवस तग धरते.

आरोग्य : दावा आणि वस्तुस्थिती

येथे मात्र तारतम्य हवे. २०१२ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा जीवनसत्त्वांच्या बाबतीत सेंद्रिय अन्न लक्षणीयरीत्या सरस आढळले नाही. कीटकनाशकांचे अवशेष आढळण्याची शक्यता मात्र कमी दिसली. २०१४ मध्ये ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट घटक अधिक आणि कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला. सेंद्रिय अन्नाने रोग बरे होतात, या दाव्याला यातून आधार मिळत नाही.

सर्वांत स्पष्ट लाभ होतो तो फवारणाऱ्याला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. खाणाऱ्याच्या ताटात विषाचा अंश येतो. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या श्वासात आणि त्वचेवर ते थेट येते.

संक्रमणाचा कसोटीचा काळ

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार वार्षिक पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षांचा संक्रमणकाळ आवश्यक असतो. या काळात उत्पन्न घटते. पण माल पूर्णतः सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. अनेक देशांतील तुलनांनुसार सेंद्रिय शेतीचे उत्पादन सरासरी सुमारे २० टक्क्यांनी कमी भरते. बटाट्यावर करपा आला, तर नुकसान याहून मोठे असू शकते. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. जमिनीला आणि शेतकऱ्याला सावरायला वेळ न देता केलेला बदल टिकत नाही, हाच त्याचा धडा.

ग्राहकाने काय पाहावे

वेष्टनावर ‘जैविक भारत’ चिन्ह असल्यास तो माल प्रमाणित समजावा. ‘पीजीएस-इंडिया’ या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. तीत ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे संक्रमणकाळातील माल आणि ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ म्हणजे पूर्णतः सेंद्रिय माल. नुसते ‘गावठी’ किंवा ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले असेल, तर ते प्रमाणपत्र नव्हे. आणि भाजी कोणतीही असो, वाहत्या पाण्याखाली नीट धुतलीच पाहिजे.

चोख सेंद्रिय मालाला गिऱ्हाईक मिळते. खरी ओढाताण होते ती संक्रमणातल्या शेतकऱ्याची. एखाद्या वसाहतीने किंवा ग्राहक गटाने अशा गटाशी हंगामाआधीच भाव ठरवून नियमित खरेदी केली, तर त्या दोन वर्षांचा भार वाटला जाईल. आपल्या ताटातील रताळे निर्धोक हवे असेल, तर ते ज्या मातीत वाढते तिला सावरण्याचा काही खर्च आपणही उचलायला हवा.