जुन्या वाड्यातील तारा

निपाणी व बेळगाव ही गावे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. भारतीय विद्युत नियमही त्याच वर्षीचे. घरातील वीजजोडणी परवानाधारक कंत्राटदारानेच करावी व ती तपासली जावी, हा त्यांचा दंडक होता.

आमच्या वाड्यातील तारा त्याच सुमाराच्या. लाकडी पट्ट्यांखाली त्यांचे रबरी वेष्टन ठिसूळ झाले होते. यंदा आम्ही त्या सर्व बदलल्या, अर्थिंगही केले. देवघरातील दिवा लागताच मंडळींना काम संपलेसे वाटले. परंतु ठिसूळ तारेवरही दिवा लागतो आणि तीच एखाद्या रात्री तुळई पेटविते. म्हणून मेगरने वेष्टनाचा रोध मोजल्यावरच आम्ही हिशेब चुकता केला.

पुढे नियम बदलले. तपासणीवाचून काम पुरे होत नाही, हे तत्त्व मात्र टिकून आहे.